नीळ

"दादा, फोटोत बैल पांढरे होते. आलेत ते निळसर आहेत. असं कसं?"

पुण्याच्या एका ताईंचा हा मेसेज पोळ्याच्या आदल्या रात्री आला. खाली फोटो. त्यांच्या ओट्यावर ठेवलेली आमची जोडी, मागे स्टीलचा डबा. मला तरी त्या फोटोतही बैल पांढरेच दिसत होते. मी तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "फोटोत पांढरेच येतात, तेच तर सांगतेय. हातात घेऊन बघा." बैल पुण्यात, मी पोखर्णीत, हातात कुठून घेणार? स्क्रीनवर रंग थोडा इकडेतिकडे होतो, असं ऑनलाइन विकणाऱ्यांचं ठरलेलं वाक्य मी टाकलं. पैसे परत करू का, तेही विचारलं. त्या म्हणाल्या, "नको, पूजा तर होईल."

ते 'पूजा तर होईल' मला लागलं.

आमचं गाव परभणीहून गंगाखेडला जाताना लागतं. नृसिंहाचं गाव म्हणून लोकांना माहीत आहे. परळीच्या लाइनीवरच्या स्टेशनचं नावसुद्धा 'पोखर्णी नृसिंह' आहे. देवाला येणारे येतात, नारळ फोडतात, जातात. आमच्या घरी चाक आहे, पण ते वर्षातले फार थोडे दिवस फिरतं. उन्हाळ्यात माठ, दिवाळीला पणत्या. बैलांना चाक लागतच नाही. ते आबा हातानं करतात, आषाढ लागला की.

ज्यांच्या दावणीला बैल नाहीत त्यांनी पोळ्याला मातीचे बैल पुजायचे, ही रीत. पूर्वी असे लोक गावात कमी होते, आता दावणीच रिकाम्या आहेत आणि मातीच्या बैलांना गिऱ्हाईक वाढलंय. पण गावात दर पडतो तो पडतोच. पाच-सहा सेंटिमीटरचा बैल, हातात धरला तर मुठीत मावेल. त्याला वशिंड, पोळी, शिंगांना हिंगूळ, वर बेगडाची पट्टी, पाठीवर झूल, झुलीच्या काठाला ठिपके. डोळे बाभळीच्या काट्यानं. एका जोडीमागं आबांचा अर्धा दिवस जातो आणि बाजारात आलेला माणूस साच्यातल्या बैलाचा भाव सांगतो.

आबा नुसता 'बैल' करत नाहीत. देवणी करतात नाही तर लाल कंधारी. कंधारीला गेरू. देवणीत पुन्हा तीन प्रकार: अंगभर पांढरा तो बालंक्या, तोंडावर काळं असलेला वानेरा, अंगावर काळे डाग असलेला शेवरा. पुण्याला गेला तो बालंक्या. म्हणजे पांढरेपणा सोडून त्याच्यात दुसरं काही नाहीच. तोच निळसर म्हटल्यावर काय राहिलं?

त्या वर्षी मी इन्स्टाग्रामवर अकरा जोड्या विकल्या होत्या. गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळे कुरिअर, पेमेंट, पेज वगैरे मला जमतं. फोटो काढायचो फोनवर. दोष फोनचा आहे, असं मी त्या रात्रीच ठरवून टाकलं. तसं म्हणायला कारणंही होती. आमच्या फोनच्या मागं तीन गोल. त्यातला एक 'मॅक्रो', म्हणजे जवळचं टिपायला. तो दोन मेगापिक्सेलचा. त्यातून काढलेला बैल बघितला की पावसात भिजलेला वाटायचा. मुख्य कॅमेरा जवळ नेला की फोकस मागच्या भिंतीवर. लांबून काढून झूम केलं की झुलीचे ठिपके एकमेकांत मिसळून नुसती रेघ. आणि फोनला सगळं गोड करायची खोड. आबांनी मुद्दाम ठेवलेला ब्रशचा खरखरीतपणा तो पुसून टाकायचा, गेरूचा लाल टोमॅटोसारखा करायचा. माणसाच्या तोंडावरचे डाग घालवायला शिकवलेलं यंत्र ते, शेवऱ्याच्या अंगावरचे डाग त्याला काय कळणार!

म्हणून कॅमेरा घ्यायचा ठरलं. पंधरा हजार साठवलेले होते.

यानंतरचे चार महिने मी काय केलं ते सांगायला थोडी लाज वाटते. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत मी फक्त रिव्ह्यू बघितले. दुकानात फॉर्म भरायला आलेलं पोरगं समोर उभं आणि माझ्या कानात हेडफोन. चोवीस मेगापिक्सेल घ्यावा की अठरा? मिररलेस की डीएसएलआर? जुना की नवा? या व्हिडिओंमध्ये कुणी पक्षी काढतं, कुणी लग्न काढतं, कुणी स्वतःलाच काढतं. बोटाएवढी रंगवलेली वस्तू काढणारे फारसे सापडेनात. शेवटी परदेशातले काही लोक सापडले. ते युद्धाच्या खेळातले इवलेसे सैनिक रंगवतात, आपल्या बैलाच्या निम्मे, आणि त्यांचे फोटो काढतात. त्यांच्याकडून पहिली कामाची गोष्ट कळली. कॅमेरा निवडताना पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा नसतोच. तुमची लेन्स किती जवळ जाऊन फोकस करू शकते आणि तिथून वस्तू किती मोठी दिसते, हा असतो.

परभणीत एका फोटो स्टुडिओवाल्या काकांनी मला हे हातात देऊन दाखवलं. कॅननच्या कॅमेऱ्यावर वरच्या बाजूला एक बारकी खूण असते, गोल आणि त्याला छेदणारी आडवी रेघ. आत सेन्सर नेमका कुठं आहे ते ती सांगते. लेन्सवर लिहिलेलं कमीत कमी अंतर या खुणेपासून मोजायचं, लेन्सच्या तोंडापासून नाही. साध्या १८-५५च्या लेन्सचं हे अंतर २५ सेंटिमीटर. त्यातला निम्मा भाग कॅमेरा आणि लेन्सच खातात. म्हणजे लेन्सच्या तोंडापासून बैल वीतभरही लांब नाही. काकांनी टेबलावर पट्टी ठेवली, लेन्स ५५वर नेली आणि जवळात जवळचा फोटो काढला. पडद्यावर पट्टीचे साधारण सहा सेंटिमीटर मावले.

"तुझा बैल केवढा?"

"पाच, साडेपाच."

"मग मॅक्रो लेन्सचं नाव काढू नको. तेवढ्यात तुझं पोखर्णीला परत जायचं भाडं पण उरणार नाही."

खरं तर त्यांनी मला आधी छोटा खिशातला कॅमेरा सुचवला होता. त्यामागचं कारणही खरं होतं. सेन्सर जितका लहान, तितकी एका फोटोत पुढून मागपर्यंत स्पष्ट दिसणारी जागा जास्त मिळते. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात बैलाचं शिंग फोकसमध्ये आणलं की शेपूट धुक्यात जातं. काही छोटे कॅमेरे तर वस्तूपासून एका सेंटिमीटरवरही फोकस करतात. पण इतकं जवळ गेलं की कॅमेऱ्याचीच सावली बैलावर पडते, आणि इतक्या जवळून बैलाचं नाक हत्तीच्या सोंडेएवढं दिसतं. शिवाय जे मला परवडत होते त्यांत सगळं आपोआप होतं. उजेड किती, रंग कसा, हे तेच ठरवणार. तेवढ्यासाठी माझा फोन होताच की.

शेवटी गंगाखेडच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना कॅनन १३०० डी घेतला. तो मिररलेसवर गेला होता. चौदा हजारात कॅमेरा, लेन्स, एक बॅटरी, एक पट्टा. काकांनी शिकवल्याप्रमाणे लेन्समधून टॉर्च मारून बघितली, आत बुरशीची जाळी नव्हती. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघितला, सेन्सरवर दोन धुळीचे ठिपके होते, त्यावरून पाचशे कमी केले. उरलेल्या पैशात तिवई आणली. ती इतकी हलकी होती की खाली विटेची पिशवी लटकवावी लागायची.

त्यावेळी बाजारात त्याच्यापेक्षा चांगले कॅमेरे नव्हते का? ढीगभर होते. मला चार महिन्यांत जे कळलं नव्हतं ते पहिल्या आठवड्यात कळलं: मी ज्या आकड्यांवर रात्री घालवल्या त्यातला एकही माझ्या कामाचा नव्हता. अठरा मेगापिक्सेल म्हणजे आडवे ५१८४ ठिपके. इन्स्टाग्राम दाखवतं १०८०. उरलेले वाया जातात असं वाटेल, पण तेच उपयोगी पडले. बैलाच्या अगदी तोंडाशी जाऊन फोटो काढला तर फक्त पाचेक मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येत होता, तोही छिद्र एफ ११वर बारीक करून. तिवई थोडी मागं घेतली आणि नंतर फोटोच्या कडा कापल्या तर तीच जाडी सेंटिमीटरच्या वर गेली. एका बाजूनं उभा केलेला बैल शिंगापासून शेपटीपर्यंत लख्ख! मागं सरा आणि कापा, इतकं साधं ते होतं.

छिद्र बारीक केलं की उजेड कमी आत येतो, म्हणून शटर एकेक सेकंद उघडं ठेवायचं. तेवढ्यात बोटानं बटण दाबलं तरी फोटो हलतो, म्हणून टायमर लावायचा. बटण दाबून हात मागं घेऊन श्वास धरून उभं राहायचं. श्वास धरायची काही गरज नसते, पण धरला जातो. फोकस डोळ्यावर, मागच्या पडद्यावर दहा पट मोठं करून, हातानं. उजेडासाठी उत्तरेची खिडकी, तिच्यावर आबांच्या जुन्या धोतराचं पान. बेगडावरची चमक त्या धोतरानं मारली. नुसत्या उन्हात बेगड असं चमकायचं की शिंगांच्या जागी दोन बल्ब लावल्यासारखं वाटायचं.

पांढरा बैल मात्र करडा येत होता. हे का, ते शोधायला एक रात्र गेली. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते माहीत नसतं. सगळं जग सरासरी करडं आहे असं धरून तो उजेड मोजतो. समोर पांढरं भरलेलं असेल तर त्यालाही करडं करून मोकळा होतो. त्याला हातानं सांगावं लागतं, अजून एक घर उजेड घे. ते सांगितलं. बैल उजळला.

आणि निळा दिसायला लागला.

आता कॅमेऱ्याच्या रंगाचं बघायचं. प्रत्येक उजेडाचा स्वतःचा रंग असतो, बल्बचा पिवळा, सावलीचा निळसर. आपला डोळा ते सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला शिकवावं लागतं. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. फोन हे आपोआप करतो. फोटोभर एकच रंगाची झाक दिसली की ती उजेडाची आहे असं समजून काढून टाकतो. माझ्या कॅमेऱ्यातही आपोआपची सोय होती, पण त्या परदेशी लोकांनी बजावलं होतं की रंगवलेल्या वस्तूसाठी ती वापरू नका. जिथं वस्तू ठेवणार तिथंच पांढरा कागद ठेवा, त्याचा फोटो काढा आणि कॅमेऱ्याला सांगा की हे पांढरं. मी दुकानातला झेरॉक्सचा कागद ठेवला. कागद पांढरा आला, त्याच्यापुढचा बैल निळा. खिडकी बंद करून बल्बवर केलं, पुन्हा कागद, पुन्हा सेटिंग. बैल निळा. दुसऱ्या रिमचा कागद. निळा. फोटोग्राफरनं फसवलं, असं मनात येऊन गेलं. सेन्सर खराब असेल म्हणून मी त्याला फोन लावायच्या बेतात होतो.

मग ट्रंक उघडली. न विकलेल्या जोड्या आबा तणसात घालून ट्रंकेत ठेवतात. तीन वर्षांच्या तीन बालंक्या जोड्या होत्या. तिन्हींतला एकेक बैल खिडकीत ओळीनं उभा केला, कागद मागं ठेवला आणि एकच फोटो काढला.

सगळ्यात जुना बैल पांढरा. मधला किंचित निळसर. शेवटचा, पुण्याला गेलेल्या खेपेतला, सकाळच्या आभाळासारखा.

कॅमेरा एकाच फोटोत तीन बैलांशी तीन प्रकारे खोटं बोलणार नाही, हे माझ्यासारख्यालाही कळत होतं. तरी मी म्हटलं, जुने धुरानं पिवळे पडले असतील, म्हणून नवा निळा वाटतो. खात्री करायला आबांचं सामान घेतलं. आबा सफेदा आणि डिंक कालवतात आणि त्यात कपड्याला घालायची नीळ टाकतात, एक थेंब. चुन्यातही आपल्याकडे टाकतात, पांढरं जास्त पांढरं दिसावं म्हणून. मी एका वाटीत एक थेंब टाकून कालवलं, ठिकरीला फासलं, वाळवलं आणि ओळीत ठेवलं. ते जुन्या बैलाशी जुळलं. दोन थेंबांचं मधल्याशी जवळपास जुळलं. शेवटच्या बैलाला चार लागले.

पुण्याच्या ताई बरोबर होत्या. फोन इतके दिवस आबांची नीळ पुसून मला दाखवत होता. (फोनच्या प्रो मोडमध्येही व्हाइट बॅलन्स हातानं लावता येतो, हे मला पुढं कळलं. म्हणजे चौदा हजार वाचले असते म्हणा. पण सगळं आयतं करून देणाऱ्या फोनमध्ये हे शोधायला मी कधी गेलोच नसतो.)

फोटो लॅपटॉपवर घेऊन मी आबांना दुकानात बोलावलं. तिन्ही बैल पडद्यावर हातभर मोठे.

"आबा, यातला कोणता येगळा दिसायलाय?"

आबा खुर्चीत पुढं सरकले. बराच वेळ बघितलं. "त्या मधल्याचं वशिंड बारीक झालंय."

"रंगात?"

"रंगात काय? तिन्ही बालंक्या. सारखेच हायेत की."

मी काही बोललो नाही. मागं फॉर्म भरायला आलेली एक पोरगी उभी होती, तिला न विचारता ती म्हणाली, "शेवटचा निळा आहे ना?" आबांनी तिच्याकडं बघितलं, मग पुन्हा पडद्याकडं. मग चष्मा काढून धोतराला पुसला आणि परत लावला.

घरी आईला विचारलं. तिला माहीत होतं! "औंदा आबांनी तसाच रंग काढलाय, असं वाटलं मला." गावातल्या गिऱ्हाइकांनाही दिसलं असणारच. पण एका दिवसाच्या पूजेला कोण रंग तपासतं? आबा रंगवतात संध्याकाळी, ओसरीतल्या पिवळ्या बल्बखाली. थेंब टाकायचा, कालवायचं, फरक दिसत नाही, म्हणून अजून एक टाकायचा. दरवर्षी त्यांना तो 'एक थेंब' गाठायला जास्त थेंब लागत होते.

मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा रंग आत कमी पोचतो, हे मला त्यानंतर वाचून कळलं. वाचताना क्लोद मोने भेटला. फ्रान्सचा हा चित्रकार म्हातारपणी मोतीबिंदूतून बघत तळ्यातली कमळं रंगवत होता, लाल-तपकिरी होत गेलेली. ऑपरेशनला भीत भीत त्यानं वर्षं काढली. १९२३ साली एकदाचं उजव्या डोळ्याचं करून घेतलं, तेव्हा वय ऐंशीच्या वर. आबांना मी त्याचं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "त्याचा पोळा कधी असतो?"

कारण अडचण तीच होती. आबांना ऑपरेशन पोळा झाल्यावर करायचं होतं. उन्हाळा त्यातच गेला. पोळा झाल्यावर म्हणजे दिवाळी झाल्यावर, म्हणजे पणत्या झाल्यावर, हे आम्हाला माहीत होतं. भांडणही झालं. मी रागात म्हणून गेलो की निळे बैल पुजायला लोक येडे नाहीत. ते बोलायला नको होतं. दोन दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ट्रंकेतला शेवटचा बैल घेऊन अंगणात बसलेले दिसले. शेजारी आईनं वाळत घातलेलं पांढरं पातळ होतं. बैल पातळाला टेकवून बघत होते. एकदा या डोळ्यानं, एकदा त्या.

"मला दिसंना तर कशाला दाखवलास रे," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "कधीची तारीख मिळंल इचार."

परभणीची तारीख मिळाली ती नेमकी श्रावणात. एका डोळ्याचं झालं, काळा चष्मा लागला आणि डॉक्टरांनी महिनाभर धूळ, माती, धूर बंद सांगितलं. मातीचं सगळं आधीच झालं होतं, ऐंशी बैल वाळून ओसरीत रांगेनं उभे होते. रंगवायचे तेवढे राहिले होते. ते माझ्याकडं आले.

पट्टी निघाल्यावर आबांनी पहिल्यांदा ट्रंक मागितली. तिन्ही जोड्या समोर ठेवल्या. काळा चष्मा जरा वर केला, मी नको नको म्हणेपर्यंत. शेवटचा बैल उचलून उजेडाकडं धरला.

"हे कुणी रंगवलं?"

आईला हसू आवरेना. मग आबाही हसले, पण बैल हातातून खाली ठेवेनात.

त्या पोळ्याला पुण्याच्या ताईंना मी एक जोडी पाठवली, पैसे न घेता. फोटो आधी पाठवला, झेरॉक्सच्या कागदापुढं काढलेला. बैलांचे डोळे माझ्या हाताचे, म्हणून थोडे बावळट दिसतात. झुलीचे ठिपके एका रेषेत नाहीत. फोटोत सगळं स्पष्ट दिसतं, लपवायला काही जागा नाही.

रंग कालवायच्या दिवशी आबा ओसरीच्या उंबऱ्यापलीकडं, धुळीपासून लांब, खुर्चीवर बसले होते. मी वाटीत सफेदा घेतला, डिंक घातला, नीळेची बाटली उलटी केली.

"येक," आबा म्हणाले.

थेंब पडला. मी बाटली तशीच धरून वाटीत बघत राहिलो. कमी वाटत होतं.

"बास म्हणलं ना. बूच लाव."

मी बूच लावलं.